बी.एड.ची मुलं 16 आठवडे आमच्या शाळेत येतात, त्यांचं पुढे काय होतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बी.एड. परत एक वर्षाचं होणार का, यावर सध्या सगळीकडे चर्चा चालू आहे. 2025 च्या फेब्रुवारीत एनसीटीईने, म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या केंद्राच्या परिषदेने, नव्या नियमांचा मसुदा काढला, त्यात चार वर्षांची पदवी किंवा पीजी झालेल्यांसाठी एक वर्षाचा बी.एड. असं आहे, त्यामुळे आमच्या स्टाफरूममध्ये, व्हॉट्सअप ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीत सुद्धा हाच विषय. होऊ दे चर्चा. पण एक वर्ष की दोन वर्षं यावर भांडताना, त्या वर्षात मुलं प्रत्यक्ष काय करतात आणि ते नीट करायला त्यांना कोण काय मदत करतं हे कुणी बोलतच नाही, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

मी एका तालुक्याच्या गावात हायस्कूलला विज्ञान आणि गणित शिकवते. बी.एड. कॉलेजशी माझा तसा संबंध नाही. पण दरवर्षी इंटर्नशिपला छात्राध्यापक, म्हणजे बी.एड. करणारी मुलं, येतात ते आमच्याच शाळेत, त्यामुळे कॉलेजवाल्यांना आणि विद्यापीठाला जे दिसत नाही ते आम्हाला रोज दिसतं.

आधी नियम सांगते कारण पालकांना सोडा, बऱ्याच मुलांना पण ॲडमिशन घेताना हे माहीत नसतं. एनसीटीईचे 2014 चे नियम आहेत, त्याप्रमाणे 2015-16 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. वर्षाला किमान 200 दिवस काम, आठवड्याला किमान 36 तास. थिअरी आणि प्रात्यक्षिकाला 80 टक्के हजेरी, शाळेतल्या इंटर्नशिपला 90 टक्के. इंटर्नशिप दोन वर्षांत मिळून 20 आठवडे, पहिल्या वर्षी 4 आणि दुसऱ्या वर्षी 16. हे सगळं आलं न्यायमूर्ती वर्मा आयोगाच्या 2012 च्या अहवालानंतर, आणि तो आयोग नेमला गेला तो आपल्याच महाराष्ट्रातल्या डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेच्या प्रकरणातून, सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने. म्हणजे देशभराचे नियम कडक झाले त्याची सुरुवात आपल्याकडच्या गोंधळातून झाली. (यात अभिमान बाळगण्यासारखं काही नाही.)

नियम मला चुकीचे वाटत नाहीत. उलट 16 आठवडे शाळेत काढणं ही बी.एड. मधली सगळ्यात चांगली गोष्ट आहे असं माझं ठाम मत आहे. आमच्या वेळी एका वर्षात सगळं उरकायचं असायचं, ठरलेले सराव पाठ झाले की शाळेचा आणि तुमचा संबंध संपला. आता मूल तीन-चार महिने एकाच शाळेत राहतं, परिपाठापासून शेवटच्या तासापर्यंत बघतं, घटक चाचणीचे पेपर तपासतं, पालक सभेला बसतं, हे चांगलंच आहे. प्रश्न हा की अट घातली आणि ती पाळायला लागणारी मदत कुठेच उभी केली नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. एक दिवस कॉलेजचं पत्र आणि नावांची यादी येते. मुख्याध्यापक ती वेळापत्रक बघणाऱ्या सरांकडे देतात. सरांना आनंद होतो, का तर ऑफ तासांचा प्रश्न मिटला. मग विज्ञानाची मुलगी सहावीला हिंदीच्या ऑफ तासाला, मराठीचा मुलगा चित्रकलेच्या तासाला, कुणी पोषण आहाराच्या रांगेजवळ उभं, कुणी ऑफिसमध्ये यू-डायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची माहिती भरतंय. कॉम्प्युटर येणारा मुलगा असेल तर तो गेलाच, तो संपूर्ण इंटर्नशिप क्लार्कच्या शेजारी काढतो. हे फक्त आमच्याच शाळेत होतं असं नाही, चार शाळांमधल्या मैत्रिणींना विचारा, हेच सांगतील. आम्ही शाळावाले पण यात धुतल्या तांदळासारखे नाही.

नियमात एक फार चांगलं वाक्य आहे. कॉलेज आणि शाळा यांनी दोघांच्या संमतीने छात्राध्यापकाला मार्गदर्शन, देखरेख आणि मूल्यमापन यांची पद्धत ठरवायची असं त्यात म्हटलंय. शाळेत 1000 पर्यंत मुलं असतील तर 10 पेक्षा जास्त छात्राध्यापक पाठवू नयेत, 2000 पर्यंत असतील तर 20, हेही त्यात आहे. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत दोघांच्या संमतीची ही पद्धत ठरवायला माझ्यापर्यंत कुणी आलेलं नाही. यादी येते, शेवटी सही-शिक्क्याचा कागद येतो, मधे कॉलेजचे एखादे सर किंवा मॅडम येतात, एका दिवसात सात-आठ जणांचे पाठ थोडे थोडे बघतात, टाचणाच्या (पाठाच्या आखणीच्या) वहीवर सही करून चार वाजताची गाडी पकडतात. त्यांचीही चूक किती म्हणायची, तिकडे प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावर काम, एकाच्या अंगावर तिघांचं.

आता शिकवण्याचं बघू. कॉलेजमध्ये मायक्रो टीचिंग करून घेतात. एक कौशल्य घ्यायचं, समजा प्रश्न कौशल्य नाहीतर फलकलेखन, वर्गातल्या पाच-दहा मित्रमैत्रिणींनी विद्यार्थी व्हायचं, 6 मिनिटं शिकवायचं, 6 मिनिटं सगळ्यांनी कुठे काय चुकलं ते सांगायचं, 12 मिनिटं परत तयारी, परत 6 मिनिटं तोच पाठ, परत 6 मिनिटं चर्चा. एकूण 36 मिनिटांचं चक्र. ज्याने हे काढलं त्याला शिकवणं म्हणजे काय ते कळलेलं होतं, कारण यातली खरी गोष्ट आहे ती परत शिकवणं. पहिल्यांदा फसतं, का फसलं ते कळतं, लगेच दुसऱ्यांदा करून बघता येतं.

आणि शाळेत तर याची सोय आयती आहे. आठवीच्या तीन तुकड्या आहेत. आठवी अ ला प्रकाशाचं परावर्तन शिकवलं, मुलांना आपाती कोन आणि परावर्तन कोन स्तंभिकेपासून मोजायचे की आरशापासून यात गोंधळ झाला, तर दुसऱ्या दिवशी आठवी ब ला तोच पाठ घे, या वेळी आधी आरसा आणि लेझर टॉर्च घेऊन दाखव, मग आकृती काढ. तिसऱ्या दिवशी क ला घे. तीन दिवसांत ती मुलगी जे शिकेल ते तिला दहा फाईली लिहून मिळणार नाही. पण कॉलेजला पाठांची संख्या पूर्ण करायची असते आणि प्रत्येक पाठाला नवीन घटक, नवीन टाचण, नवीन तक्ता पाहिजे. तोच पाठ परत घेतला तर तो मोजत नाहीत! मी एका मुलीला म्हटलं अगं ब तुकडीला हेच घे उद्या, तर ती म्हणाली मॅडम माझा घटक वाया जाईल. वाया जाईल म्हणे.

फाईलींबद्दल तर न बोललेलंच बरं. टाचण वही, निरीक्षण वही, कृतिसंशोधन, घटक चाचणी आणि तिचा संविधान तक्ता (कुठल्या भागावर किती गुणांचे प्रश्न याचा आराखडा), शालेय अनुभवाचा अहवाल, शिवाय प्रत्येक पेपरची प्रात्यक्षिकं. हाताने लिहायचं, समासाला लाल पेन, शीर्षकाला हिरवा पेन. मधल्या सुट्टीत मुलं वर्गातल्या पोरांशी बोलायचं सोडून स्टाफरूमच्या कोपऱ्यात खाली मान घालून मागच्या बॅचच्या फाईलीवरून उतरवत बसलेली असतात. यातलं बरंचसं काम मुळात चांगलं आहे, कृतिसंशोधन तर मला स्वतःला आवडतं, पण वर्गात कोणत्या मुलाला भागाकार येत नाही हे बघून त्याच्यासाठी काही करायचं याला कृतिसंशोधन म्हणतात, मागच्या वर्षीच्या फाईलीत शाळेचं नाव बदलायचं याला नाही.

आता पैशांचं. बी.एड. ला येणारी बहुतेक मुलं पंचविशीच्या आसपासची, बरीच लग्न झालेली, घरची शेती किंवा तेही नाही. मुलींना 2024-25 पासून कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आणि घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलं तर फी माफीचा निर्णय झाला, तो खरंच चांगला निर्णय आहे, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्त्या पण आहेत. पण पैसे येतात कधी, आणि तोवर फी भरा नाहीतर परीक्षेचा फॉर्म भरून घेणार नाही हे ऐकून घ्यावं लागतंच. शिवाय फी म्हणजे सगळा खर्च नव्हे. इंटर्नशिपच्या काळात रोज जायचं-यायचं, साहित्य, प्रिंट, झेरॉक्स, खोलीचं भाडं. एसटीचा विद्यार्थी पास निघतो गाव ते कॉलेज, आणि इंटर्नशिपची शाळा असते तिसरीकडेच. बायकांना 2023 च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे म्हणून निदान मुलींचं थोडं भागतं, मुलं पूर्ण तिकीट काढून येतात. आमच्याकडे आलेला एक मुलगा रात्री पेट्रोल पंपावर काम करून सकाळी साडेदहाला शाळेत हजर असायचा, दुपारच्या तासाला डोळे लाल. त्याचा पाठ बिघडला तर मी त्याला काय बोलणार?

आणि एक गोष्ट मला फारच खटकली म्हणून लिहिते. 2024 मध्ये सरकारने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली, त्यात बारावी झालेल्याला महिना 6 हजार, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला 8 हजार, पदवीधराला 10 हजार विद्यावेतन. अनेक शाळांमध्ये पण असे प्रशिक्षणार्थी नेमले. म्हणजे एकाच शाळेत, एकाच बाकावर दोन पदवीधर बसलेत, दोघंही तास घेतायत, एकाला महिन्याला 10 हजार आणि जो शिक्षक होण्यासाठीच शिकतोय त्याला शून्य, वर तोच कॉलेजला फी भरतोय! त्या योजनेतल्या मुलांबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांना मिळायलाच पाहिजेत. पण डॉक्टर होणाऱ्याला इंटर्नशिपमध्ये स्टायपेंड मिळतो, आणि शिक्षक होणाऱ्याने मात्र चार महिने सरकारच्या आणि अनुदानित शाळांचे ऑफ तास फुकट सांभाळायचे, हे कुठलं गणित? मी गणित शिकवते, मला हे सुटत नाही.

आता हजेरीकडे येते, कारण खरा घोळ तिथे आहे. 16 आठवडे, आठवड्याचे 6 दिवस धरले तर 96 दिवस, त्यात 90 टक्के म्हणजे फार तर 9 दिवस गैरहजर राहता येतं. चार महिन्यांत 9 दिवस. ताप आला, घरात कुणी गेलं, मूल आजारी पडलं, सगळं त्यातच. आणि बाळंतपण आलं तर? यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2021 च्या डिसेंबरमध्ये विद्यापीठांना पत्र पाठवून सांगितलंय की पदवी आणि पदव्युत्तरच्या विद्यार्थिनींसाठी प्रसूतीच्या रजेचे, हजेरीत सवलतीचे नियम करा. 2023 मध्ये दिल्ली हायकोर्टापुढे मेरठच्या चौधरी चरणसिंह विद्यापीठातल्या एम.एड. च्या विद्यार्थिनीची केस आली होती, तिचा रजेचा अर्ज विद्यापीठाने फेटाळला होता, कोर्टाने तो निर्णय रद्द केला आणि 59 दिवसांच्या रजेचा फायदा देऊन परत विचार करा म्हणून सांगितलं. ती बाई कोर्टात गेली म्हणून निदान तिचं झालं. आमच्याकडे येणाऱ्या मुली कोर्टात जात नाहीत, त्या पोट सांभाळत दुसऱ्या मजल्यावर तास घेतात. विचारलं तर म्हणतात, मॅडम सर म्हणालेत बघू, करू ॲडजस्ट.

हे "करू ॲडजस्ट" आहे ना, सगळ्या रोगाचं मूळ हेच आहे असं मला वाटतं. रजेचा लेखी नियम नाही, राहिलेले दिवस नंतर भरून काढायची सोय नाही, म्हणून हजेरी ही कुणाच्या तरी मेहरबानीवर. आणि एकदा का ती मेहरबानीवर आली की मग ती विकत पण मिळते. "नॉन अटेंडिंग बी.एड." हा शब्द कुणी ऐकला नाही असं होणार नाही, ॲडमिशनच्या दिवसांत एजंट उघड उघड सांगतात की यायची गरज नाही, फाईली पण तयार मिळतील, फक्त परीक्षेला या. आमच्या शाळेत एकदा एक गृहस्थ टाईप केलेली इंटर्नशिपची सर्टिफिकेटं घेऊन आले, ज्या मुलांची तोंडंही आम्ही पाहिली नाहीत त्यांच्या नावांची, फक्त सही शिक्का द्या म्हणाले. आमच्या मुख्याध्यापकांनी नाही म्हणून सांगितलं. त्या गृहस्थांना पुढे दुसऱ्या कुठल्या तरी शाळेत शिक्का मिळालाच असणार, मला शंका नाही. म्हणजे बघा, जो रात्रपाळी करून रोज येतो त्याचे 3 दिवस कमी पडले तर त्याला घाम फुटतो आणि जो आलाच नाही त्याची हजेरी 98 टक्के.

मुलं तक्रार का करत नाहीत असं विचाराल तर अंतर्गत गुण कॉलेजच्या हातात आहेत, झालं उत्तर. तक्रार निवारणाची व्यवस्था असली पाहिजे हे पण नियमात आहे, बोर्डही लावलेला असतो भिंतीवर.

आणि एवढं सगळं करून पुढे काय तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग टेट, म्हणजे ती अभियोग्यता चाचणी, 200 प्रश्न 120 मिनिटांत, मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल, आणि नंबर लागलाच तर माध्यमिकला 18 हजार रुपयांवर तीन वर्षं शिक्षण सेवक, म्हणजे ठरावीक मानधनावरचा शिक्षक. मुलाखतीशिवायच्या भरतीत तर उमेदवाराला एकदाही वर्गात उभं करून बघत नाहीत. मग मुलं शहाणीच आहेत, ती इंटर्नशिपला येताना टाचणाच्या वहीखाली बुद्धिमत्ता चाचणीचं पुस्तक ठेवतात. मी रागवायचे आधी, आता नाही रागवत. 1 सप्टेंबर 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तर नोकरीची पाच वर्षांहून जास्त शिल्लक असलेल्या आमच्यातल्या पाचवी ते आठवीच्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायचंय, त्यामुळे स्टाफरूममध्ये पंचेचाळीस वर्षांचे सर आणि चोवीस वर्षांचा छात्राध्यापक एकाच पुस्तकातून प्रश्न सोडवतात. त्यात छात्राध्यापकच सरांना समजावून सांगतो, ते एक बरं चाललंय.

तर माझं म्हणणं एवढंच की वर्षं एक ठेवा नाहीतर दोन, पण शाळेतले आठवडे कमी करू नका आणि ते आठवडे नीट काढता येतील असं काहीतरी करा. इंटर्नशिपला विद्यावेतन द्या, 10 हजार नको निदान जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च निघेल एवढं, आणि ते थेट मुलाच्या खात्यावर, कॉलेजच्या नाही. एसटीने पास इंटर्नशिपच्या शाळेपर्यंतचा द्यावा, याला तर काही खर्च पण नाही. प्रत्येक छात्राध्यापकाला शाळेतला त्याच्या विषयाचा एक शिक्षक मार्गदर्शक म्हणून नावानिशी द्या, त्या शिक्षकाचे आठवड्याचे दोन-तीन तास कमी करा आणि इंटर्नशिपचे निम्मे गुण त्याच्या हातात द्या. त्यात पण वशिले होतील म्हणाल, होतील, पण आम्ही त्या मुलाला रोज बघतो, जो एकदा येऊन सही करून जातो त्याच्यापेक्षा आमचं मत जास्त खरं असणार. एकच पाठ दोन-तीन तुकड्यांवर घेतला तर तो मोजा, उलट घ्यायलाच लावा, आणि त्या बदल्यात फाईली निम्म्या करा. आजारपण, बाळंतपण याच्या रजा विद्यापीठाने लिहून जाहीर कराव्यात आणि राहिलेले दिवस पुढच्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर भरून काढू द्यावेत, कुणाच्या पाया पडायला लावू नये. आणि कोणत्या शाळेत कोण छात्राध्यापक आहे याची यादी विद्यापीठाच्या वेबसाईटवर सगळ्यांना दिसेल अशी टाका, मग आमच्या गावातला कुणीही पालक येऊन विचारू शकेल की या यादीतला अमुक अमुक कुठल्या वर्गावर आहे, दाखवा.

अजून एक राहिलं. बी.एड. ची प्रवेश परीक्षा, सीईटी, होते मार्च-एप्रिलमध्ये आणि प्रवेशाच्या फेऱ्या लांबत लांबत पार दिवाळीच्या तोंडावर जातात, त्यामुळे पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं आणि इंटर्नशिपची मुलं आमच्याकडे येतात तेव्हा दहावीचा सिलॅबस संपत आलेला असतो, सराव परीक्षा चालू असतात, कुणी त्यांना वर्ग द्यायला तयार नसतं. त्यांना जूनमध्ये पाठवा. पहिल्या दिवशी पाचवीची पोरं रडत येतात तिथपासून त्यांना बघू दे. सीईटी सेल आणि विद्यापीठांनी एकत्र बसून एवढं एक वेळापत्रक जुळवलं तरी आम्ही शाळावाले त्यांना विषयाचे तास द्यायला तयार आहोत, निदान मी तरी माझ्या आठवीच्या तिन्ही तुकड्या द्यायला तयार आहे.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका
(कृपया नाव आणि गाव छापू नये.)